शाळेतली तक्रारपेटी: डबा कसा असावा आणि आत पडलेल्या चिठ्ठीचं काय व्हावं

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या दाराशी आता तक्रारपेटी असते. ५ मे २०१७ च्या शासन परिपत्रकाने ती सगळ्या शाळांना लावायला सांगितली. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने तिची जबाबदारी पुन्हा मुख्याध्यापकांवर टाकली. पेटीत कसलीही तक्रार टाकता येते. या परीक्षणात मात्र एकच कसोटी लावली आहे. वर्गातली चार पोरं ज्याच्या मागे लागली आहेत, ज्याचा डबा रोज पळवला जातो, जिला बोलीवरून ‘गावठी’ म्हणून बाजूला काढलं जातं, त्या मुलाला किंवा मुलीला या पेटीचा उपयोग होतो का?

होतो, पण दोन अटींवर. चिठ्ठी टाकणारं मूल कुणाच्या नजरेत भरता कामा नये, आणि चिठ्ठीत लिहिलेल्या जागी दोन दिवसांत कुणी मोठं माणूस उभं राहायला हवं. यातली एक जरी अट मोडली तरी पेटी रिकामी राहते. मग त्या रिकाम्या पेटीकडे बोट दाखवून ‘आमच्या शाळेत असलं काही होत नाही’ असं सांगितलं जातं, आणि छळ होणाऱ्या मुलाचा शेवटचा दरवाजाही बंद होतो.

आधी डबा पाहू. बाजारात तीन प्रकार मिळतात: पत्र्याची पेटी, ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी आणि सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची पेटी. शाळांमध्ये ॲक्रिलिकची पेटी दिसायला लागली आहे, कारण ती स्वच्छ दिसते, हलकी असते आणि सूचना किंवा देणगी गोळा करण्यासाठी तयार मिळते. या कामासाठी ती घेऊ नका. आत एकच चिठ्ठी पडली की ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते. कोणत्या रंगाचा कागद, आखीव की कोरा, कसा दुमडलेला, हेही दिसतं. ‘सकाळी नव्हती, आता आहे, मधे पाणी प्यायला कोण गेलं होतं?’ एवढा तपास सातवीतली मुलं पाच मिनिटांत लावतात. अशी पेटी आधीच घेऊन झाली असेल तर आतून चारही बाजूंना जाड खाकी कागद किंवा रंगीत कार्डशीट चिकटवा. बाहेरून चिकटवलात तर आठवड्याभरात कुणीतरी कोपरा सोलतो.

पत्र्याची पेटी सगळ्यात टिकाऊ, पण पत्रा २० गेजचा असावा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो. स्वस्त पेट्या २४ गेजच्या पत्र्याच्या असतात. झाकणाचा कोपरा अंगठ्याने दाबला की त्या वाकतात आणि कुलूप न उघडता दोन बोटं आत जातात. दुकानातच कोपरा दाबून पाहा. रंग पावडर कोटिंगचा घ्या. कोकणात आणि मुंबईत पेटीच्या आधी बिजागरी गंजते, म्हणून बिजागरी स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची मागा. प्लायवूडची पेटी स्वस्तात होते आणि वर्गासारखीच घरगुती वाटते. तिला पावसाची ओल आणि वाळवी लागते, तेव्हा ती भिंतीला थेट न टेकवता मागे दोन पट्ट्या ठोकून बोटभर अंतर ठेवा. माप साधारण ३० सेंमी उंच, २२ रुंद आणि १५ खोल पुरतं.

खरी परीक्षा फटीची. फट पेटीच्या डोक्यावर नको, पुढच्या बाजूला हवी, वर छोटा छज्जा असलेली. डोक्यावरच्या फटीतून पावसाचं पाणी, धूळ आणि चॉकलेटचे कागद आत जातात. मुद्दाम बाटलीतलं पाणी ओतण्याचे प्रकारही होतात, आणि शाईच्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी मग वाचता येत नाही. फट १२ सेंमी लांब आणि जेमतेम ८ मिमी रुंद पुरे. फटीच्या आत खाली उतरणारी तिरकी पट्टी असायलाच हवी, म्हणजे कागद घसरून खाली जातो पण काठी किंवा हात आत जात नाही. तपासायला सोपं आहे. एक चिठ्ठी आत टाका, ३० सेंमीच्या पट्टीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावा आणि चिठ्ठी बाहेर ओढायचा प्रयत्न करा. मिनिटभरात निघाली तर पेटी परत करा, कारण मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं. मग पेटी उलटी धरून हलवून पाहा. तिरकी पट्टी अर्ध्यापर्यंतच असेल तर चिठ्ठी फटीतून बाहेर येते.

पोस्टाच्या पेटीसारखी झडप असलेल्या पेट्याही मिळतात. झडपेचा ‘टक्’ आवाज शांत व्हरांड्यात दोन वर्गांपर्यंत जातो. झडप असलीच तर कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवा. ही बारीक गोष्ट वाटते, पण आठवीतली मुलगी पेटीसमोर उभी राहून परत फिरते ती याच आवाजाला भिऊन.

पेटी खिळ्याला टांगू नका. आतून रावळप्लग (भिंतीच्या भोकात स्क्रू घट्ट धरणारी नळी) आणि स्क्रूने बसवा, म्हणजे कुलूप उघडल्याशिवाय पेटी भिंतीवरून निघणार नाही. कुलपं दोन असावीत, चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे. एक मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी पालक प्रतिनिधीकडे किंवा समुपदेशकाकडे. नियमाने हे सक्तीचं नाही, तरी आमचा आग्रह आहे. एकच चावी कार्यालयातल्या खुंटीवर लटकत असते, तिथून ती कुणीही घेऊ शकतं, आणि हे मुलांना माहीत असतं. कुलपावर तारखेची आणि सहीची कागदी पट्टी डकवली की मधल्या काळात पेटी उघडली गेली का तेही कळतं.

उंचीत जवळपास प्रत्येक शाळा चुकते. पेटी बसवणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला बसवतो, म्हणजे जमिनीपासून १४०-१५० सेंमीवर. तिसरीतलं मूल साधारण १२० ते १२५ सेंमी उंच असतं. त्याला टाचा उंच करून, हात ताणून चिठ्ठी टाकावी लागते, आणि तेवढ्यात चार जण पाहतात. प्राथमिक शाळेत फट ९० सेंमीवर आणि माध्यमिकमध्ये ११० सेंमीवर ठेवा.

जागेचा प्रश्न अवघड आहे. पेटी प्रवेशद्वाराजवळ दर्शनी भागात असावी असं अपेक्षित आहे, ते पालकांना दिसावी म्हणून. पण दर्शनी भागात चिठ्ठी टाकणारंही दिसतं. यावर उपाय म्हणजे दाराजवळची पेटी तशीच ठेवा आणि आणखी दोन लावा. एक ग्रंथालयात, जिथे कोणीही कोणत्याही कारणाने जातं. दुसरी प्रयोगशाळेच्या किंवा संगणक कक्षाच्या व्हरांड्यात, जिथून सगळे वर्ग आळीपाळीने जातात. स्वच्छतागृहाच्या दाराशी लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नका. दादागिरी सर्वांत जास्त जिथे चालते त्या जागांपैकी ती एक आहे, आणि तिथेच उभं राहून तक्रार टाकायला सांगणं चूक आहे. सीसीटीव्हीचा कॅमेरा थेट पेटीवर रोखलेला नसावा, आणि तो पेटीवर नाही हे मुलांना सांगावं.

इतकं करूनही चिठ्ठी टाकायला एकटं मूल गेलं तर दिसणारच. त्यावरचा सर्वांत चांगला उपाय कागदाचा आहे. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला वर्गातल्या प्रत्येकाला सारख्या मापाचा कागद द्या आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून, दोनदा दुमडून पेटीत टाकायचं. त्रास असेल तर तो लिहायचा, नसेल तर आवडलेला धडा, नळाची तक्रार, काहीही. एका ए-फोर कागदाचे चार तुकडे होतात, म्हणजे ६० मुलांच्या वर्गाला १५ कागद आणि ६०० मुलांच्या शाळेला १५० कागद लागतात. ५०० कागदांच्या एका रिममध्ये तीन आठवडे निघतात. त्या वेळी तक्रारपेटीऐवजी वर्गात फिरवलेला झाकणाचा डबाही चालतो, फक्त तो वर्गशिक्षकांनी न उघडता सील करून पुढे द्यायचा.

वर्गशिक्षकांनी न उघडण्याचं कारण साधं आहे. त्यांना प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं. शिवाय जे मूल दादागिरी करतं ते पुष्कळदा वर्गात हुशार, पुढे पुढे करणारं, कधी मॉनिटरही असतं, आणि ‘तो तसा नाही’ हे बाईंच्या किंवा सरांच्या तोंडून नकळत निघून जातं. पाचवीच्या खाली तर खुणांची छापील चिठ्ठी द्या. कुठे (वर्ग, जिना, मैदान, बस, स्वच्छतागृह), केव्हा (शाळा भरताना, मधली सुट्टी, सुटताना), काय (मारतात, वस्तू घेतात, नावं ठेवतात, खेळायला घेत नाहीत, मोबाईलवर लिहितात), किती दिवसांपासून. मुलाने फक्त खुणा करायच्या. अक्षर उरतच नाही.

माध्यमिकच्या मुलांना मात्र चिठ्ठी लिहायला शिकवावी लागते, आणि हे मराठीच्या तासाला पंधरा मिनिटांत होतं. पेटीत येणारी सर्वांत नेहमीची चिठ्ठी अशी असते: ‘मला वर्गातली मुलं खूप त्रास देतात. प्लीज काहीतरी करा.’ ही खरी असते, पण तिच्यावर कुणाला काही करता येत नाही. तीच चिठ्ठी अशी लिहिली तर?

‘८ वी ब. सोमवार, बुधवार आणि गुरुवार. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर, जिन्याच्या पहिल्या वळणावर. तिघं जण. दप्तराचा पट्टा मागून ओढतात, पाण्याची बाटली काढून खाली फेकतात, चष्मिस म्हणून ओरडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं. मागून उतरणाऱ्या ८ वी अ च्या मुलांना दिसतं.’

यात तक्रार करणाऱ्याचं नाव नाही, छळणाऱ्यांचंही नाही, तरी सोमवारी कुठे आणि कधी उभं राहायचं हे शिक्षकांना नेमकं कळतं. वार, वेळ, जागा, कृती, कधीपासून, कुणी पाहिलं. सहा गोष्टी. ‘खूप’ आणि ‘नेहमी’ हे शब्द गाळायचे, त्यांच्या जागी आकडा लिहायचा. नाव घ्यायचं की नाही हे मुलाने ठरवावं. जागा आणि वेळ चुकवू नये.

चिठ्ठीच्या जोडीला घरी एक वही ठेवा. रोज दोन ओळी: तारीख, काय झालं, कोण होतं. वही दप्तरात ठेवू नका, कारण दप्तर हीच पहिली हिसकावली जाणारी वस्तू असते. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये चालत असेल तर ग्रुप सोडण्याआधी तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट काढून आई-वडिलांच्या फोनवर पाठवा. मुलं घाईघाईने आधी ग्रुप सोडतात आणि चॅटही काढून टाकतात, मग दाखवायला काही उरत नाही.

‘दोन ठेवून दे, पुन्हा वाटेला जाणार नाही’ हा सल्ला घराघरांत मिळतो. समोर एकटा असेल तर तो क्वचित चालतोही. तिघं-चौघं असतील तर मार जास्त बसतो, आणि शाळेच्या नोंदीत ‘दोन्ही बाजूंनी मारामारी’ असं लिहिलं जातं. एकदा तसं लिहिलं गेलं की आधीचे तीन महिने पुसले जातात. त्यापेक्षा एकच लहान वाक्य, तेही चालता चालता, ‘सोड, मला जायचंय’, आणि पाय थेट माणसं असतील त्या दिशेला. वाद घालायला थांबायचं नाही.

आता सेवेकडे, म्हणजे चिठ्ठी पडल्यावर पुढे काय होतं तिकडे. परिपत्रकाप्रमाणे पेटी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी इतर प्रतिनिधींच्या समक्ष उघडायची. बहुतेक शाळांत तो शनिवार. सोमवारी टाकलेली चिठ्ठी म्हणजे पाच दिवस पडून राहते, म्हणून बुधवारी एकदा जास्तीची उघडलेली बरी. उघडताना विद्यार्थी प्रतिनिधी हजर असेल तर चिठ्ठ्या त्याच्या हातात देऊ नका आणि मोठ्याने वाचू नका. पेटी उघडली गेली, आत इतक्या चिठ्ठ्या होत्या, एवढंच त्याने पाहायचं. नोंदवहीत क्रमांक, तारीख, जागा, काय केलं आणि पुन्हा पाहणी कधी हे रकाने हवेत. तक्रार करणाऱ्याच्या नावाचा रकाना नको. नाव असलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात, कुलुपात.

इथून पुढे ज्या चुका होतात त्या डब्याच्या चुकांपेक्षा फार महाग पडतात. सर्वांत मोठी चूक समोरासमोर बसवून मिटवण्याची. दोघांना केबिनमध्ये बोलवायचं, ‘काय रे, काय झालं?’ विचारायचं, ‘चला, हात मिळवा, सॉरी म्हण.’ भांडण असेल तर हे ठीक आहे, कारण भांडणात दोघं बरोबरीचे असतात. छळाची व्याख्या नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन गोष्टींवर बांधली: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं आणि बळाचा तोल एका बाजूला झुकलेला. तोलच झुकलेला असेल तर केबिनमध्ये छळ सोसणारं मूल ‘काही नाही सर, मस्करी चालली होती’ असंच म्हणणार. हात मिळवले जातात, नोंदवहीत ‘समजोता’ लिहिलं जातं आणि सुटल्यावर सायकल स्टँडवर त्याचा हिशोब होतो. छळाच्या तक्रारीत हे कधीही करू नये, यावर आम्ही ठाम आहोत.

दुसरी चूक त्रास होणाऱ्या मुलाचाच बाक किंवा तुकडी बदलण्याची. हेतू चांगला असतो, पण वर्गाला दिसतं ते असं की तो गेला, आपण जिंकलो. हलवायचंच असेल तर त्रास देणाऱ्याला हलवा. तिसरी चूक परिपाठाला सगळ्यांसमोर ‘पेटीत अशी अशी तक्रार आली आहे’ असं सांगण्याची. नाव न घेताही वर्गाला नाव कळतं.

जे काम देतं ते असं. चिठ्ठी मिळाल्यापासून ४८ तासांत त्या जागी, त्या वेळी एक शिक्षक उभे राहतात, गवगवा न करता. दोन-तीन दिवसांत प्रकार डोळ्यांनी दिसतो किंवा थांबतो. दिसला तर बोलण्याची सुरुवात ‘तुझी तक्रार आली आहे’ अशी होत नाही. ‘बुधवारी जिन्यात तू दप्तर ओढलंस, मी पाहिलं’ अशी होते. पाहिलं नसेल तर पाहिलं म्हणायचं नाही. मग सीसीटीव्हीकडे वळायचं. फुटेज मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा तपासावं असं २०२४ च्या शासन निर्णयात आहे, पण रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. वार आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी इथे कामी येते, आणि ती तशीच पडून राहिली तर पुरावा जातो.

तिघं असतील तर तिघांशी एकाच तासाला, वेगवेगळ्या खोल्यांत, प्रत्येकी दहा मिनिटं बोलायचं, म्हणजे जिन्यात भेटून गोष्ट जुळवायला वेळ मिळत नाही. पुढे काय करायचं नाही ते स्पष्ट सांगायचं, लिहून घ्यायचं. एका आठवड्याने आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्यात तपासायचं. तिसऱ्या आठवड्यातली तपासणी शाळा हमखास विसरतात, आणि छळ पुन्हा डोकं वर काढतो तो साधारण तेव्हाच, लक्ष उडाल्यावर. पालकांना बोलवायचं तर दोन्ही घरच्यांना एका वेळी नाही.

बघ्यांशीही बोलायला हवं. कॅनडात शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण पाहून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं होती, फक्त १९ टक्के प्रसंगांत कुणी मधे पडलं. पण जेव्हा मधे पडलं तेव्हा ५७ टक्के वेळा प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. म्हणून वरच्या चिठ्ठीतलं ‘८ वी अ च्या मुलांना दिसतं’ हे वाक्य सोन्यासारखं आहे. त्या मुलांना वीरगिरी करायला सांगायची नाही. ‘चल रे, आमच्याबरोबर खाली’ एवढं म्हणून त्या मुलाला आपल्यात ओढून घ्यायचं.

चिठ्ठीत शरीराला हात लावल्याचा, कपडे ओढल्याचा, अश्लील फोटोचा काहीही उल्लेख असेल तर शाळेने स्वतःची चौकशी चालवायची नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर कलम २१ प्रमाणे तो स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. त्रास देणारंही मूलच असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. जातीवरून बोलल्याची चिठ्ठीही ‘मुलांची मस्करी’ या रकान्यात टाकू नये.

पेटी चालत नसेल तर पालकांनी काय करावं? तोंडी सांगणं थांबवा. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. कार्यालय पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात वहीतल्या पाच-सहा तारखा लिहा. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ चा उल्लेख करा. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी करायची असते, आणि दुर्लक्ष केलं तर तोही कचाट्यात येतो. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांसाठी हे विशेष कामाचं आहे, कारण तिथे शाळा सुटली तरी छळणारा बाजूच्याच खाटेवर असतो. शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाच्या मार्च २०१५ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवा. त्यात उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक प्रतिनिधी अशांची छळविरोधी समिती नेमायला सांगितलं आहे. समितीची नावं लेखी मागा.

‘त्याला शाळेतून काढून टाका’ ही मागणी मात्र आठवीपर्यंत टिकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. तिथे भांडत बसण्यापेक्षा त्रास देणाऱ्याची तुकडी बदलणं, सुटण्याची वेळ दहा मिनिटं पुढेमागे करणं, जिन्यात माणूस उभं करणं हे मागा. ते लगेच होऊ शकतं. शाळा हलली नाही तर शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, आणि शेवटी राज्य बालहक्क संरक्षण आयोग. त्रास शिक्षकच देत असतील, वर्गात टोपणनावाने हाक मारत असतील, तर ते याच कायद्याच्या, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी करणाऱ्या कलम १७ चं प्रकरण आहे आणि तसंच लिहा.

पेटीच्या शेजारी भिंतीवर १०९८ हा आकडा रंगवलेला असतो, त्याचंही परीक्षण इथेच. ही मुलांची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली सरकारकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन फुकट, चोवीस तास, मूल स्वतः करू शकतं. वय, जिल्हा, आत्ता सुरक्षित आहेस का, हे आधी विचारलं जातं. ही सेवा बोलण्यासाठी, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत शाळेवर बाहेरचं लक्ष यावं यासाठी उपयोगी आहे. वर्गमित्रांना उद्याच्या उद्या शिक्षा व्हावी अशी अपेक्षा ठेवून फोन केला तर निराशा होते. शाळेचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका कागदावर लिहून मग फोन लावा, कारण एकाच नावाच्या शाळा एकेका जिल्ह्यात पाच-सहा असतात. मारहाण चालूच असेल तर सरळ ११२. मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळेच्या वेळेला रोज पोटात दुखतं, जगणं नकोसं झाल्याचं बोलतं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ लावा. तोही फुकट आणि चोवीस तास आहे. असं बोलणाऱ्या मुलाला त्या दिवशी एकटं ठेवू नका.

विकत घ्यायची झाली तर आमची पसंती २० गेजच्या पत्र्याची, पुढे फट आणि आत तिरकी पट्टी असलेली, दोन कड्यांची पेटी. प्रत्येक शाळेत तीन. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी ती रिकामी करा. सुट्टीआधीच्या आठवड्यात टाकलेल्या चिठ्ठ्या सहा-सात आठवडे आत राहिलेल्या आढळतात, आणि जूनमध्ये तुकड्या बदललेल्या असतात. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, कुलपांना तेल द्या, बिजागरी पाहा, पट्टीचा आणि टेपचा प्रयोग पुन्हा करा, आणि कापलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा प्रत्येक वर्गाच्या कपाटात ठेवा.